३२ घरांत बेळगाव बसवायचं: मराठी पिक्सेल अक्षर कसं काढायचं, कुठं वापरायचं

परवा खानापूरकडची दोन पोरं दुकानात आली, टेनिस बॉल टूर्नामेंटचा फ्लेक्स करायचा होता, म्हणाली दादा, "चषक" हा शब्द त्या जुन्या टीव्ही गेममधल्यासारखा पायजे, चौकोनी चौकोनी असतंय बघा तसला. मोबाईलवर स्वतः करून आणलेलं पण होतं. साध्या गुळगुळीत मराठी फाँटमध्ये शब्द टाईप केलेला आणि त्याच्यावर मोझॅक फिल्टर मारलेला. लांबनं बघितलं तर धुक्यात बुडालेलं अक्षर वाटत होतं, च कुठं संपतोय आणि ष कुठं सुरू होतोय कळत नव्हतं. मी त्यांना बसवून घेतलं, गणिताची चौकोनी वही काढली आणि म्हटलं चला, घरं मोजूया. तासाभरात शब्द तयार झाला. तेव्हाच ठरवलं की हे सगळं एकदा नीट लिहून काढायचं, कारण हा प्रश्न मला महिन्यातनं दोन-तीनदा तरी येतोय आणि इंग्रजीसाठी पायजे तेवढी माहिती मिळते पण मराठीसाठी कोण सांगत नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. पिक्सेल अक्षर म्हणजे बिघडवलेलं अक्षर नाही. चांगलं अक्षर घ्यायचं आणि त्याचे तुकडे करायचे असं ते नसतंच, ते पहिल्यापासून घरं भरूनच काढलेलं असतं. एक घर एकतर भरलेलं नाहीतर रिकामं, अर्धं काय नाही, करडं काय नाही. ठिपक्यांची रांगोळी काढताना बाई आधी ठिपके मोजून घालते आणि मगच रेघ ओढते की नाही, तसंच. किंवा आपल्या भागात धारवाडकडची कसूती बघा, कापडावर आधी काही छापून घेत नाहीत, धागे मोजून टाका घालतात. त्यातला मेंथीचा टाका म्हणजे सरळसरळ फुली, एक फुली एक घर. आणि मुरगीचा टाका पायऱ्या पायऱ्यांनी वर चढतो, पिक्सेलमध्ये तिरपी रेघ अगदी तशीच जाते. ज्यांच्या घरात आजीनं कसूतीची इरकल जपून ठेवलीय त्यांनी ती काढून जवळनं बघा, अर्धा धडा तिथंच आहे.

जुन्या गेममध्ये अक्षरं अशी का होती ते पण थोडक्यात सांगतो, कारण ते कळलं की नक्कल करायला सोपं जातं. त्या काळातल्या मशीनमध्ये मेमरी एवढीशी, त्यामुळं स्क्रीन ८ बाय ८ घरांच्या तुकड्यांत वाटलेली असायची आणि एका तुकड्यात एक अक्षर बसवायचं. प्रत्यक्षात अक्षराला ७ बाय ७ च मिळायचं, एक ओळ आणि एक रकाना शेजारच्यापासून अंतर म्हणून सोडावा लागायचा. आज गूगल फाँट्सवर प्रेस स्टार्ट टू-पी नावाचा फुकट फाँट आहे, तो १९८० च्या दशकातल्या नामको कंपनीच्या आर्केड गेममधल्या अक्षरांवरनं केलेलाय. तो मोठा करून बघा, उभ्या रेघा दोन घरं जाड आणि आडव्या रेघा एकच घर. सगळी मजा त्या जाड-बारीकपणात आहे. नुसत्या एकसारख्या बारीक रेघांचं अक्षर केलं की ते गेमचं वाटत नाही, जुन्या मोबाईलच्या स्क्रीनचं वाटतं. तेही वाईट नाही म्हणा, नोकिया ३३१० ची अख्खी स्क्रीन ८४ बाय ४८ घरांची होती आणि त्यावर आपण मेसेज वाचले, साप खेळलो. दुसरा फाँट व्हीटी-३२३, तो जुन्या ऑफिसमधल्या कॉम्प्युटर टर्मिनलच्या अक्षरांवरनं आलाय, उंच आणि सडपातळ. तिसरा सिल्कस्क्रीन, १९९९ मध्ये वेबपेजवरच्या अगदी छोट्या मजकुरासाठी केलेला. आणि या सगळ्यांच्या आधी, १९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशसाठी सुझन केअर यांनी शिकागो आणि जिनिव्हा हे फाँट असेच घराघरांनी काढले होते. म्हणजे पोस्टरवर गेमचा भाव पायजे, ऑफिसच्या जुन्या कॉम्प्युटरचा पायजे की जुन्या मोबाईलचा, हे आधी ठरवा, तिन्हीची अक्षरं वेगळी.

आता मराठीकडं येऊ. वर सांगितलेल्या तिन्ही फाँटमध्ये देवनागरी नाही. तुम्ही प्रेस स्टार्ट निवडून मराठी टाईप केलं तर कॉम्प्युटर गुपचूप दुसराच कुठला तरी गुळगुळीत फाँट लावतो, आणि लोकांना वाटतं आपलं कायतरी चुकलं. तुमचं काही चुकलेलं नसतं. ग्नू युनिफाँट म्हणून एक फुकट फाँट आहे, त्यात १६ घरं उंचीची देवनागरी अक्षरं आहेत, पण वेलांट्या आणि जोडाक्षरं त्यात नीट जुळून येत नाहीत, त्यामुळं अक्षराचा आकार बघायला, त्यावरनं शिकायला चांगला, पोस्टरवर थेट घालायला नाही. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या काळात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड कॉम्प्युटरमध्ये बसवून देवनागरी दाखवत होते, म्हणजे आपल्या अक्षराला घरांची सवय नाही असं मुळीच नाही. नीट काढायला लागतं एवढंच.

अडचण उंचीची आहे. इंग्रजी अक्षर एकमजली, मराठी अक्षर तीनमजली. वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार. मधे अक्षराचं अंग. खाली उकार, ऋकार. हे सगळं ७ ओळींत कोंबायला गेलात तर "ब" आणि "व" एकच दिसणार. मी बऱ्याच उंच्या करून बघितल्या आणि १६ ओळींवर थांबलो, एक कारण हे की दुकानांवर पळत्या अक्षरांचे एलईडी बोर्ड असतात त्यांच्या पी-१० पॅनेलची उंची पण १६ च घरं असते, त्यामुळं एकदा काढलेलं अक्षर कुठंही चालतं.

१६ ओळींची वाटणी मी अशी करतो. वरच्या ४ ओळी मात्रा-वेलांटीला. पाचवी ओळ शिरोरेषा. त्याखाली ७ ओळी अक्षराच्या अंगाला. शेवटच्या ४ ओळी उकाराला. चार, एक, सात, चार, झाले सोळा. वहीत पहिल्यांदा पेन्सिलीनं पाचवी ओळ आखून घ्या, सगळी अक्षरं तिला लटकणार आहेत. इंग्रजी अक्षरं खालच्या रेषेवर उभी असतात, आपली वरच्या रेषेला दोरीवर कपडे घातल्यासारखी लोंबतात. इंग्रजीची सवय असलेला माणूस खालनं काढायला सुरुवात करतो आणि मग वर जागा पुरत नाही.

आता प्रत्यक्ष बघा. हा "व", शिरोरेषा धरून ८ ओळी, ७ रकाने.

■■■■■■■
□□□□□■□
□□■■■■□
□■□□□■□
□■□□□■□
□■□□□■□
□□■■■■□
□□□□□■□

आणि हा "ब".

■■■■■■■
□□□□□■□
□□■■■■□
□■□□□■□
□■□■□■□
□■□□□■□
□□■■■■□
□□□□□■□

फरक किती? एका घराचा. पोटात मधोमध एक घर भरलं की व चा ब झाला. हाताने लिहिताना आपण ब च्या पोटात तिरपी रेघ ओढतो, इथं तिरपी रेघ ओढायला गेलात तर पोट भरून काळा ठोकळा होतो, मी तसे ठोकळे भरपूर काढलेत. डोळ्याला पूर्ण रेघ लागत नाही, आत कायतरी आहे एवढी खूण पुरते. म्हणून पोट आतनं तीन ओळी आणि तीन रकाने ठेवलंय, दोनच ठेवलं असतं तर मधोमध घरच मिळालं नसतं. आणि दुसरी ओळ बघा, शिरोरेषेखाली दांडा सोडून सगळं रिकामं. ही रिकामी ओळ खाऊ नका. गोलाई शिरोरेषेला चिकटली की लांबनं अक्षराचं डोकं जड दिसतं आणि वाचता येत नाही.

मराठी माणसाला ळ शिवाय चालत नाही, आणि बेळगाव लिहायचं तर नाहीच नाही. तो ९ रकाने घेतो.

■■■■■■■■■
□□□□■□□□□
□□□□■□□□□
□□■■□■■□□
□■□□■□□■□
□■□□■□□■□
□□■■□■■□□
□□□□□□□□□

याला ७ रकान्यांत दाबायचा मोह होतो. दाबू नका, दोन्ही पोटं बुजतात आणि तो ळ राहत नाही, गाठ दिसते. खालची ओळ रिकामी राहिली तरी चालतं, ळ चा आकारच दोन वाटोळ्यांचा आहे, त्याला दांडा खालपर्यंत नसतो.

आता अख्खा शब्द. ब ७, ळ ९, ग ७, काना ३, व ७. बेरीज ३३. आणि पी-१० च्या एका पॅनेलची रुंदी ३२ घरं! मी पहिल्यांदा हे काढलं तेव्हा त्या एका रकान्यासाठी ळ बारीक करायला निघालो होतो. मग लक्षात आलं की शेवटच्या व ला दांड्याच्या उजवीकडं शिरोरेषेचं एक घर बाहेर आलंय, ते फक्त पुढच्या अक्षराला जोडण्यासाठी होतं, पुढं अक्षरच नाही तर ते काढून टाकायचं. झाले ३२. ब वरची मात्रा वरच्या मजल्यावर, तिला रुंदी लागत नाही: शिरोरेषेच्या लगेच वर, दांड्याच्या एक घर डावीकडनं सुरू करून तीन घरं तिरपी, वर आणि डावीकडं. असं बेळगाव बरोब्बर एका पॅनेलवर बसतं. मला हे जमलं त्या दिवशी खरंच आनंद झाला होता.

शब्दातली शिरोरेषा सलग ठेवा, दोन शब्दांत मात्र चार रकाने तरी मोकळे सोडा. इंग्रजीत अक्षरं सुटी असतात म्हणून दोन शब्दांमधलं अंतर दोन-तीन घरं असलं तरी कळतं, आपल्याकडं शिरोरेषा तुटलेली दिसली की शब्द संपला असं डोळा समजतो, त्यामुळं चुकून अक्षराअक्षरात एक घर तुटलं तर वाचणारा तिथंच अडखळतो.

वेलांटीची कमान गोल करायच्या नादाला लागू नका. वरच्या चार ओळींपैकी दुसऱ्या ओळीत सपाट रेघ घाला आणि दोन्ही टोकं खाली शिरोरेषेपर्यंत उतरवा, कमान वाटते. चंद्र जरा त्रास देतो आणि बोर्डावर तो लागतोच, बॅटरी, ऑटो, कॉम्प्युटर, सगळीकडं चंद्र. पाच घरं रुंद वाटी करा, कडेची दोन घरं वर, मधली तीन खाली, आणि वाटी व शिरोरेषा यांच्यामधे एक ओळ मोकळी. अनुस्वार एलईडीवर एका घराचा पुरतो, छपाईत आणि रेडियममध्ये मात्र दोन बाय दोन घ्या नाहीतर तो धुळीचा कण वाटतो. उकार दांड्याच्या खालच्या टोकाला लावायचा. रु आणि रू चा उकार खाली येत नाही, मधेच अडकतो, ती दोन्ही अक्षरं वेगळी काढून ठेवा.

जोडाक्षरांत घाबरायचं काही नाही, निम्मं काम फुकटात होतं. ज्या अक्षराला उजवीकडं दांडा आहे त्याचा दांडा कापला की अर्धं अक्षर तयार, अर्धा प, अर्धा व, अर्धा स, अर्धा ग. क्ष, ज्ञ, त्र, श्र ही चार स्वतंत्र काढा. द्ध, द्य, द्व सारखी जोडाक्षरं सात ओळींत एकाखाली एक रचायला जागा नाही, तिथं मी सरळ द चा पाय मोडतो आणि पुढचं अक्षर पूर्ण लिहितो, काही लोकांना ते आवडत नाही पण बोर्डावरचा शब्द वाचता येणं माझ्या मते जास्त महत्त्वाचं. एक मात्र सोडू नका. दुसऱ्या, तऱ्हा, पायऱ्या यातला तो आडवा ऱ, तो आपला मराठीचा आहे, हिंदीच्या नियमानं केलेल्या फाँटमध्ये त्याच्या जागी रफार येतो आणि शब्द चुकतो. अंगाच्या चौथ्या ओळीच्या आसपास तीन घरांची आडवी रेघ, तिचं डावं टोक एक घर खाली वळवलेलं, बस. तसंच ल आणि श मराठी वळणाचे काढा, हिंदी वळणाचा ल इथल्या माणसाला वाचता येतो पण परका वाटतो.

वहीत झालं की कॉम्प्युटरवर. एक्सेलमध्ये रकाने आणि ओळी सारख्या मापाच्या करून घरं रंगवली तरी चालतं, शाळेतल्या पोरांना मी हेच सांगतो. ब्राउझरमध्ये चालणारं पिस्केल फुकट आहे. आमच्यासारख्या दुकानात कोरल, म्हणजे कोरलड्रॉ असतंच, त्यात एक चौकोन काढायचा, ग्रिडला स्नॅप लावायचं आणि कॉपी करत जायचं. फोटोशॉपमध्ये करणार असाल तर ब्रश नाही, पेन्सिल टूल घ्या, एक पिक्सेलची. ब्रशच्या कडा मऊ असतात आणि करडी घरं तयार होतात, आणि करडं घर आलं की खेळ संपला.

मूळ फाईल नेहमी लहान ठेवा, एक घर बरोबर एक पिक्सेल. मोठी करताना पूर्ण पटीतच करा, दुप्पट, तिप्पट, दहापट. दीडपट किंवा अडीचपट केलं की काही घरं मोठी काही लहान होतात, अक्षराला दात पडल्यासारखं दिसतं. फोटोशॉपमध्ये मोठं करताना निअरेस्ट नेबर निवडा, गिंपमध्ये इंटरपोलेशन नन. तयार इंग्रजी फाँट वापरताना पण हेच, प्रेस स्टार्ट ८, १६, २४, ३२ पिक्सेल अशा आठच्या पटीत आणि कडा मऊ करणारं अँटी-एलियस बंद. सेव्ह करताना पीएनजी. जेपीजीमध्ये कडेला घाण येते. आणि कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवायचं असेल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तुमची कष्टानं मोजलेली घरं पलीकडं पोचेपर्यंत धूसर झालेली असतात.

व्हॉट्सॲपवरनं आठवलं, स्टिकरला हे अक्षर झकास जातं. स्टिकर ५१२ बाय ५१२ पिक्सेलचा लागतो आणि चारही बाजूला १६ पिक्सेल मोकळे सोडा असं सांगितलेलं आहे. आपलं बेळगाव ३२ घरांचं, १५ पट केलं की ४८०, दोन्ही बाजूला १६-१६ सोडले की बरोब्बर ५१२. एक घर इकडं तिकडं नाही.

एलईडी बोर्डाबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण सगळ्यात जास्त घोटाळे तिथंच बघितलेत. बाजारात दुकानांवर लाल अक्षरांचे पळणारे बोर्ड लागलेत ते बहुतेक पी-१० पॅनेलचे, एक पॅनेल ३२ सेंटीमीटर रुंद, १६ सेंटीमीटर उंच, दोन दिव्यांत एक सेंटीमीटर अंतर. म्हणजे हा बोर्ड म्हणजे साक्षात आपली चौकोनी वहीच. पण बोर्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी टाईप करून बघा, काही सॉफ्टवेअरना वेलांटीची जागा बदलायची असते हेच माहीत नसतं. कॉम्प्युटर "दि" साठवताना आधी द साठवतो आणि मग वेलांटी, दाखवताना ती द च्या आधी आणायची असते. तसं केलं नाही तर वेलांटी द च्या नंतर येते आणि पुढच्या व ला चिकटलेली दिसते. दिवाळीच्या आठवड्यात एका दुकानाच्या बोर्डावर "दिवाळी"चा पहिलाच तुकडा "दवि" असा वाचला जात होता, चार दिवस तसाच पळत होता. बोर्ड मी लावलेला नव्हता पण बघून जीव कळवळला, कारण मालकानं पैसे पूर्ण मोजले होते आणि रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस ते वाचत होता.

उपाय साधा आहे. मजकूर टाईप करूच नका. शब्द पिक्सेलमध्ये काढा, १६ घरं उंचीचं चित्र म्हणून सेव्ह करा, काळ्यावर पांढरं किंवा लाल, आणि सॉफ्टवेअरमध्ये टेक्स्टऐवजी इमेज म्हणून घाला. चित्रात वेलांटी जिथं काढली तिथंच राहते. फक्त तिथं स्ट्रेच किंवा फिट असा काही पर्याय असेल तर तो बंद करा, चित्राचं एक घर बोर्डाच्या एका दिव्यावर पडलं पाहिजे. आणि पळवायचा वेग कमी ठेवा, मराठी शब्दात डोळ्याला तिन्ही मजले वाचायचे असतात.

आपल्या भागात बोर्ड म्हटला की कन्नड आलंच. २०२४ च्या दुरुस्ती कायद्याप्रमाणं कर्नाटकात नामफलकावर ६० टक्के कन्नड लागतं, म्हणजे पाच पट्ट्यांचा बोर्ड असेल तर तीन कन्नडला, दोनात मराठी आणि इंग्रजी, ही वाटणी मालकाशी पहिल्याच दिवशी बोलून घ्या. डिझाइनच्या बाजूनं सांगायचं तर कन्नड आणि मराठी एकाच १६ ओळींच्या पट्टीत शेजारीशेजारी घालू नका. आपल्याला सलग शिरोरेषा आणि वर मजला लागतो. कन्नडला सलग रेघ नसते, प्रत्येक अक्षराचा आपापला तलेकट्टू, म्हणजे डोक्यावरची खूण असते, आणि ओत्ताक्षरं, म्हणजे त्यांच्या जोडाक्षरांतलं पुढचं अक्षर, खाली लोंबतात. आपली गर्दी वर, त्यांची खाली. एका ओळीत धरायला गेलं की एकाचं डोकं कापतं नाहीतर दुसऱ्याचे पाय. दोघांना स्वतंत्र पट्टी द्या. आणि कन्नड अक्षर काढताना कन्नड घरात बोलणारा माणूस शेजारी बसवा, मी आमच्या शेजारच्या झेरॉक्सवाल्या अण्णांना बोलावतो, ते एक घर हलवायला सांगतात आणि अक्षर एकदम जागेवर येतं.

रेडियम कटिंगला द्यायचं असेल तर एक धोका आहे. बाईकवर नाव पायजे म्हणून एकाला मी असंच पिक्सेल नाव कापून दिलं, आणि चिकटवताना मात्रा हातात सुटी आली. तिरपी रेघ म्हणजे घरं फक्त कोपऱ्याला कोपरा लावून उभी असतात, स्क्रीनवर ती जोडलेली वाटतात पण प्लॉटरच्या ब्लेडला तिथं जोडच नसतो. त्या दिवसापासनं कटिंगच्या फाईलमध्ये प्रत्येक कोपऱ्यावर एक बारीक चौकोन घालतो आणि मग कोरलमध्ये सगळं वेल्ड करतो, म्हणजे जोडून एकच आकार करतो. ॲक्रिलिक लेझरला पण हेच, तिथं तर तुकडा पडूनच जातो. तोरणाला, रुमालाला भरतकाम करायचं असेल तर मात्र ही भीती नाही, एका घराला एक फुली, घरं मोजत जा.

कुठं वापरू नये ते पण सांगतो. लग्नपत्रिकेत मजकूर याच्यात नको, मथळ्याला हौस म्हणून एक शब्द ठीक, पण पाहुण्यांची नावं आणि मुहूर्त साध्या अक्षरात द्या, घरातली म्हातारी माणसं ती वाचणार असतात. श्रद्धांजलीच्या फ्लेक्सला तर अजिबात नको. औषधाच्या दुकानाचा मजकूर, फोन नंबर, पत्ता, तारीख, हे साधं ठेवा. पिक्सेल अक्षर एका शब्दाला, फार तर दोन शब्दांना शोभतं, परिच्छेद लिहिला की डोळे दुखतात. टूर्नामेंट, गेमिंगचं दुकान, कॉलेजचा टेक फेस्ट, मंडळाच्या पोरांचे टी-शर्ट, मोबाईल रिपेअरचा बोर्ड, चॅनेलचा लोगो, तिथं बिनधास्त. रंग दोनच घ्या, अक्षराचा एक आणि मागचा एक, सावली पायजेच असेल तर एक घर उजवीकडं एक घर खाली, गडद रंगात, आणि ती पण घरांतच. ग्रेडियंट आणि ग्लो मारू नका.

अख्खा फाँट बनवायची इच्छा असेल तर फाँटफोर्ज फुकट आहे, जोडाक्षरांचे आणि मराठी वळणाचे नियम त्यात घालता येतात, पण ते महिन्यांचं काम आहे. मी म्हणेन आधी स्वतःचं नाव काढा, मग गावाचं, मग मित्रांची. दहा-बारा शब्द झाले की बरीचशी अक्षरं तुमच्याकडं आपोआप जमलेली असतात, ती एका फाईलमध्ये ओळीनं लावून ठेवा.

त्या खानापूरच्या पोरांचं सांगायचं राहिलं. "चषक"मध्ये वर मात्रा नाही, खाली उकार नाही, म्हणजे १६ ओळी लागतच नाहीत, शिरोरेषा धरून ८ पुरतात. च ७, ष ७, क ९, बेरीज २३, शेवटचं शिरोरेषेचं टोक काढलं की २२ रकाने. ष म्हणजे प च्या पोटात तीन घरं तिरपी. फ्लेक्स ६ बाय ३ फुटांचा होता, एक घर अडीच इंचाचं धरलं तर शब्द पंचावन्न इंच रुंद आणि २० इंच उंच, दोन्ही बाजूला साडेआठ इंच मोकळे. गावाचं नाव आणि तारीख वर साध्या अक्षरात घातली. एका पोरानं विचारलं, "दादा, ते शेवटचं घर का पुसूलालास?" म्हटलं ते क च्या पुढचं शिरोरेषेचं टोक आहे रे, पुढं अक्षर नाही, ते काढलं की शब्द मधोमध येतो. त्यानं स्वतः माऊस घेतला आणि पुसलं, आणि मग दुसऱ्यानं बॅट आणि स्टंप पण वहीत घरं मोजून काढायला घेतले.